अलास्कातली शिट्टी

अलास्कातल्या जंगलात कॅम्पर थांबला की रेणू आधी कुकर लावायची. मागच्या उन्हाळ्यात तिचा आणि यतीनचा मुलगा ओजस इथेच ट्रेकला गेला तो परतलाच नव्हता. लहानपणी कुठेही खेळत असला तरी तो कुकरची शिट्टी ऐकून धावत यायचा. “अगं, वासाने अस्वलं येतील,” यतीन बजावायचा. “येऊ देत. खिचडी भरपूर आहे.” “रेणू, रेंजर्सनीसुद्धा शोध थांबवलाय. तो गेलाय. आता मान्य कर.” उद्या कॅम्पर परत करायचा होता. आज तिने कुकर काढलाच नाही. नुसता ब्रेड भाजला.  मग यतीननेच डाळतांदूळ धुतले, कुकर चढवला. शिट्टी झाली, पलीकडच्या डोंगरावरून परत आली. त्याने दार उघडून हाक मारली, “ओजस, पानं घेतलीयत रे!” रेणूने गॅस बंद केला. नाहीतर शिट्टीत त्याची ओ ऐकू आली नसती.