शेवटच्या काठीपुढे

वादळाचा इशारा आला की ट्रोम्सो शहर शाळा बंद करतं, होड्या दुहेरी दोरांनी बांधतं आणि ऑडवारला बर्फ काढायच्या गाडीवर बसवतं. रस्त्याच्या कडेच्या लाल काठ्या त्यानेच सप्टेंबरात रोवलेल्या. वादळात डोळ्यांवर नाही, काठ्यांवर भरवसा ठेवायचा.

भर दुपारी समोरचं काही दिसेना. बंदरापाशी शेवटची काठी आली. तिच्यापुढे रस्ता संपतो आणि समुद्र लागतो.

पण पुढे आणखी एक काठी होती. तिच्यावर हातमोजा अडकवलेला. सापडलेला हातमोजा इथे सगळेच असा उंचावर ठेवतात, हरवणाऱ्याला दिसावा म्हणून.

वायरलेसवर ऑफिसातली योरुन म्हणाली, "काय काका, डुलकी लागली की काय?"

"इथे एक काठी जास्त आहे गं."

"रोवल्यात तुम्ही आणि विचारता मला? वळा आता."

हातमोजा करडा होता, निळ्या पट्ट्याचा. असा जोड एकच, त्याच्या बायकोने विणलेला. ऑडवारने स्टिअरिंगवरचे हात पाहिले. दोन्ही हातांत तोच जोड होता.

दिव्यांच्या उजेडात पुढची काठी दिसली. तिच्यावर जोडीतला दुसरा होता, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

ब्रेक त्याने मघाशीच दाबला होता. तरी काठी जवळ येत होती.