अप्पांची गेमिंग खुर्ची

तेराव्याची माणसं गेल्यावर माझा धाकटा भाऊ निरंजन अप्पांच्या गेमिंग खुर्चीत जाऊन बसला. गेल्या दिवाळीत त्यानेच ती बंगळूरहून पाठवली होती. मागे रेलून त्याने डोळे मिटले.

“काय आराम आहे गं ताई! घेताना दुकानात अर्धा तास बसून पाहिली होती मी. शेवटचे सहा महिने तरी अप्पांची पाठ सुखात राहिली.”

मी त्याच्या पायांकडे पाहत होते. पावलं जमिनीवर सपाट टेकली होती. अप्पांची कधीच टेकली नाहीत. पाच फूट दोन इंचांचा माणूस. मानेची उशी त्यांचं डोकं पुढे ढकलायची, कमरेची बरगड्यांत रुतायची. रविवारी निरंजनच्या व्हिडिओ कॉलआधी ते मला हाक मारायचे, “चल, बसव मला सिंहासनावर.” कॉल संपला की त्यांना पलंगावर पालथं झोपवून मी पाठ शेकायचे. “निरूला सांगशील तर बघ. हौसेनं घेतलीय पोरानं.”

आज मी सांगून टाकलं. आवाजही चढवला नाही.

तो ताडकन उठला. “अगं, मग बदलून दिली असती ना! दर रविवारी विचारत होतो मी!”

“खुर्ची मस्त आहे ना, असं विचारायचास,” मी म्हणाले. “पाठ कशी आहे, हे एकदाही नाही विचारलंस.”