मिस्त्रींचा अंदाज

जव्हारच्या सत्तार मिस्त्रींनी रेती-खडी किती लागेल, ते कधीच जागेवर सांगितलं नव्हतं. टेपनं मोजायचं आणि "उद्या सांगतो" म्हणून घरी जायचं, ही त्यांची वीस वर्षांची रीत. अंदाज मात्र कधी चुकला नाही.

साखरशेतच्या अंगणवाडीच्या स्लॅबचं काम निघालं आणि पंचाईत झाली.

"चाचा, आत्ताच सांगा. टेम्पोवाला फोनवर थांबलाय," सेविका प्रमिला म्हणाली.

सत्तारनी पुन्हा टेप लावली, घाम पुसला, दोनदा उगाच दारापर्यंत जाऊन आले. आकडा चुकला तर स्लॅब अर्धवट राहणार होता. शेवटी ते भिंतीआड गेले आणि फोनवर हळूच म्हणाले, "वीस बाय पंधरा, जाडी पाच इंच. जल्दी बोल, नूरुन्निसा."

"रेती अर्धा ब्रास, खडी एक," बायकोनं पटकन सांगितलं.

सत्तार वळले, तर मागे प्रमिला उभी. त्यांची मान खाली गेली.



प्रमिलानं त्यांच्या हातातून फोन घेतला. "भाभी, आमच्या गावच्या बायका ठाण्याला बांधकामावर जाऊन डोक्यावरून रेती वाहतात. हा हिशेब त्यांना शिकवायला याल का?"