तळापर्यंत कप

न्हाणीघरात नळाचा आवाज सुरू झाला तशी तिने गोळी चमच्याच्या पाठीने चुरडली आणि नवऱ्याच्या कॉफीत ढवळली. वर दोन चमचे जास्तीची साखर. तो बाहेर येईपर्यंत चमचा धुऊन जागेवर.

पंचवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा हा माणूस पाच महिने पलंगावरून हलत नव्हता. तिने हातापाया पडून त्याला एकदा डॉक्टरांकडे नेलं. डिप्रेशन, डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी फरक पडेल. घरी येताच त्याने पाकीट कचऱ्यात टाकलं. तिने ते गुपचूप उचललं. डोळ्यांदेखत माणूस विझत चालला होता, ती तरी दुसरं काय करणार होती?

पहिल्या दिवशी त्याने कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि घोट घोट करत कॉफी संपवली. दोन-तीन आठवडे गेले आणि चमत्कारच झाला. तो वेळेवर टेबलाशी येऊन बसू लागला. कप तळापर्यंत रिकामा करू लागला. दाढी केली. परगावच्या मुलीशी फोनवर तासभर बोलला. घराचे कागद नीट फायलीला लावले. हत्यारांची पेटी पुसून जोडीदार मेकॅनिकला देऊन टाकली.

"नवी घेऊ," ती म्हणाली. तिला हर्षवायू व्हायचा बाकी होता.

"चोरून देताय?" पाकीट संपलं म्हणून ती आज दवाखान्यात गेली, तर डॉक्टर तिच्यावर चांगलेच भडकले. "आजच्या आज सांगा त्यांना. पुढचे उपचार त्यांच्या मर्जीनेच होतील."

"पण ते बरे होताहेत हो!"

"तरीही."

घरी येताना ती कसं सांगायचं याचे शब्द जुळवत होती. तो चिडला, पुन्हा पलंगाला खिळला, तर आता तिच्याकडे कुठलाच उपाय उरला नव्हता.

"अहो, रागावू नका. तुमच्या कॉफीत मी रोज..."

"माहीत आहे मला," तो शांतपणे म्हणाला. "पहिल्याच दिवशी दारातून दिसलं."

"आणि तरी प्यायलात?" तिला रडूच कोसळलं. "मी आपली भीत होते, गोळ्या म्हटल्या की फेकून द्याल."

"गोळ्या? त्या डॉक्टरांच्या?"

"मग आणखी कसल्या?"

तो खुर्चीत टेकला. मग इतक्या हळू बोलला, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"मी रोज मनातल्या मनात तुझे आभार मानत होतो गं. मला वाटलं, विष आहे."