कॅमेरा चालू ठेवा

लॉकडाऊनात दामिनी मॅडमचा पाचवीचा वर्ग जठारपेठेतल्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर भरायचा. तेलाच्या डब्याला मोबाइल टेकवायचा आणि पालक चिरता चिरता अपूर्णांक शिकवायचे. नियम एकच, ज्याचा कॅमेरा बंद त्याची गैरहजेरी. तो मोडायची एकटी पिंकी. गणित ऐन रंगात आलं, की तिचा चौकोन काळा पडायचा.

"काहून बंद केला वं?" मॅडम खेकसायच्या.

"नेट गेलं व्हतं, मॅडम."

त्या दिवशी तो चौकोन पुन्हा काळा झाला आणि मॅडमनी सगळ्यांसमोर पिंकीला खोटारडी म्हटलं. तेवढ्यात त्यांचा नवरा आत आला. चहासाठी त्यानं दोनदा हाक मारली होती, ती मॅडमना ऐकू गेली नव्हती. त्यानं मॅडमचे केस धरले आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. त्या खाली कोसळल्या तशी पोटात लाथ घातली आणि निघून गेला.

मॅडम ओट्याला धरून कशाबशा उठल्या. फाटलेल्या ओठातलं रक्त चिरलेल्या पालकावर ठिबकत होतं. हुंदका फुटला आणि तेव्हाच त्यांचं समोर लक्ष गेलं. मोबाइल जागचा हललाही नव्हता. अख्खा वर्ग डोळे फाडून बघत होता.

फक्त पिंकीचा चौकोन अजून काळाच होता. त्यातून हळूच आवाज आला.



"मॅडम, पयले कॅमेरा बंद करा लागते. मंग रडा लागते."