टोपीची खुंटी

अमडापूरचं घर माझ्या बापानं माझ्या नावावर केलेलं. त्यात आमच्या ह्यांनी कौतिकाला ठेवली, आणि हे वारले तरी ती हलेना. दोन वर्षं तहसीलीत चपला झिजवून मी ताब्याचा हुकूम आणला. आज मंडळ अधिकारी पंचनाम्याला आले, म्हणाले, "भिंतीले जे ठोकेल हाये ते घराचं, बाकी सामान हिचं." कौतिका भांडी बांधत होती. दाराजवळच्या खुंटीवर ह्यांची टोपी दिसली. माझ्या राहत्या घरी हे तीस वर्षं जेवले, पण टोपी कधी डोक्यावरून उतरली नाही. इथं टोपीला खुंटी! अंगाची आग झाली. "साहेब, लिवा, खुंटी माझी!" त्यांनी लिहिलं. कौतिकानं उठून टोपी काढली, पदरात घेतली. "खुंटी तुमची, बाई. टोपी काही भिंतीले ठोकेल नाही." ती गेली. साहेबांनी कागद पुढं केला. मी आधी खुंटी उपटली, मग सही केली.