शेवटच्या ओळीतलं नाव

जयसिंगाने खिशातून वकिलाचा कागद काढला आणि भैरूच्या ओसरीवरच वाचून दाखवला. नवा कायदा झाला होता. कोंडाजी शाहिरांची गाणी आता त्यांच्या मुलाच्या, म्हणजे जयसिंगाच्या मालकीची, आणि त्याने ती एका रेकॉर्ड कंपनीला लिहून दिली होती. यापुढे कंपनीच्या परवानगीवाचून कुणी सुपारी घेऊन ती गायची नाहीत.

"देवापुढे फुकट म्हटलीत तर कायदा अडवत नाही, भैरूकाका," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मुद्दाम विचारून आलो."

पोरगा मनाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. कासार आंबोलीपासून पौडपर्यंतच्या जत्रांवर भैरूचं पोट होतं, आणि फुकट गाऊन कुणाची चूल पेटत नसते.

खरं म्हणजे त्यातलं एकही गाणं कोंडाजींनी रचलेलं नव्हतं. सगळी भैरूची. पण चेल्याने शेवटच्या ओळीत गुरूचं नाव घालायचं, ही त्यांच्या फडाची रीत. गुरू गेल्यावर तरी स्वतःचं घाला, असं सगुणाबाईने नवऱ्याला कितीदा विनवलं. नाव काढलं तर म्हातारा दुसऱ्यांदा मरेल, असं म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं. आता चाळीस गाण्यांत स्वतःच घातलेलं नाव कुठल्या तोंडाने खोटं म्हणायचं?

चहा घेऊन आलेली सगुणाबाई भैरूच्या कानाशी वाकली. "अवं, सांगा की त्याला," ती हळूच म्हणाली.

भैरूने तोंड उघडलंही. तेवढ्यात जयसिंगाने पिशवीतून गाण्यांचं छापील पुस्तक काढलं आणि बापाच्या नावावरून हात फिरवला.

"आबा गेले तेव्हा मी सहा वर्षांचा. चेहराही धड आठवत नाही. काका, ते रचायला बसायचे कसे? तुम्ही तर जवळून पाहिलंय."

भैरूला वाईट वाटलं. त्या पोराचंही आणि स्वतःचंही. ओठांवर आलेलं त्याने गिळून टाकलं.

"बांधावर बसायचं," तो म्हणाला. "डोळं मिटून. बायकू भाकर घिऊन उभी ऱ्हायची, तरी त्यांचं ध्यान नसायचं. लई वर्सं गार भाकर खाल्ली त्यांनी."

सगुणाबाई तोंडाला पदर लावून आत गेली. जयसिंग पेन काढून ते सगळं आबांच्या नावाखाली लिहून घेत होता.